स्मिताचा मिस्ड कॉल

दौंडला राहायला गेल्यावर आईनं मला रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. दवाखान्यातून ड्यूटी करून यायची, दाराशी चपला कशाही टाकायची, पदर कमरेला खोचत स्वयंपाकघरात शिरायची आणि चहाचं आधण ठेवता ठेवता, माझ्याकडं न बघता म्हणायची, "मग? आज कोण बोललं?" मी पुस्तकातून मान वर काढायची नाही. मग ती आवाज चढवून तेच परत विचारायची, कारण आमच्या त्या दोन खोल्या रेल्वे यार्डाला लागून होत्या आणि डबे एकमेकांवर आपटल्याचा दणका झाला की घरातल्या कुठल्याही वाक्याचा शेवट ऐकू यायचा नाही. मला तो दणका फार आवडायचा. प्रश्न अर्धा तरी बुडायचा. पण आई नर्स होती, आणि पेशंटनं एकदा नाही ऐकलं म्हणून सोडून देणाऱ्यातली ती नव्हती.

आम्ही मूळचे शिरूरचे. तिथं आमच्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे, संडे स्कूलपासून सगळी पोरं एकमेकांना ओळखतात, आणि मी तिथं चांगली बोलकी म्हणून प्रसिद्ध होते. आता विचार केला की वाटतं, मी शिरूरला मैत्री केलीच नव्हती कधी, ती आयतीच मिळालेली होती. शेजारच्या घरात राहणारी रूथ माझी मैत्रीण होती, कारण ती शेजारच्या घरात राहायची. त्यामुळं आईची दौंडच्या सरकारी दवाखान्यात बदली झाली आणि मी नववीच्या वर्गात नवीन म्हणून जाऊन बसले, तेव्हा मैत्री करतात म्हणजे नक्की काय करतात, हे मला ठाऊकच नव्हतं. पप्पा रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्टवर होते. ते कारेगावला चार जणांच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी न्हावरा, चौफुला, वरवंड, पाटस असं करत एस्टीनं दौंडला यायचे. आले की झोपायचे. आमच्याबरोबर पप्पांची थोरली बहीण, सगुणाआत्या, राहायची. ती मिशनच्या शाळेतून बाई म्हणून रिटायर झालेली, लग्न न केलेली, आणि कानानं इतकी अधू की आपल्याला हवं तेवढंच ऐकण्याची तिला परमेश्वरानं खास सवलत दिली होती.

शाळेत झालं ते असं. पहिल्या दिवशी वर्गशिक्षिका बाईंनी मला दुसऱ्या बाकावर, खिडकीकडंच्या जागेत बसवलं. ती जागा वैशाली नावाच्या मुलीची होती. ती पहिलीपासून त्या शाळेत, अर्ध्या वर्गाची पुढारी, आणि तेव्हा कावीळ होऊन घरी पडलेली. ती बरी होऊन आली, माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "ही माझी जागा हाय." मी म्हणाले, "मला बाईंनी बसवलंय." एवढंच. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. भांडण नाही, शिवी नाही. पण त्या दिवसापासून मी बोलायला तोंड उघडलं की मुली माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत आपापसात दुसराच विषय काढायच्या. मी काही विचारलं तर शेजारची शाईचं पेन झटकायला लागायची. खेळाच्या तासाला जोड्या लावल्या की मी उरायची आणि सर म्हणायचे, "तू मोज." मग मी इतरांच्या दोरीउड्या मोजायची.

मला त्याचा सगळ्यात मोठा वैताग हा होता की काही झालंच नव्हतं. कुणी मारलं असतं, वेणी ओढली असती, डब्यात माती टाकली असती, तर घरी येऊन सांगायला काहीतरी हातात असतं. पण "त्या माझ्याकडं बघत नाहीत" हे वाक्य मोठ्या माणसांपुढं कसं ठेवायचं? ते तोंडातून बाहेर पडण्याआधीच बावळट वाटायचं. मी मधल्या सुट्टीत सायकल स्टँडच्या मागं जाऊन डबा खायला लागले. खायची म्हणजे काय, पोळी कोरडीच गिळायची, भाजी तिथल्या एका कुत्रीला घालायची. कुत्रीसुद्धा गवार खायची नाही.

घरच्यांना काही सांगितलं नव्हतं, तरी वास लागायचा तो लागलाच. आणि मग उपचार सुरू झाले. आईला वाटलं, पोरगी गप्प झाली म्हणजे अंगात रक्त कमी आहे. तिनं मला दवाखान्यात नेऊन हिमोग्लोबिन तपासलं आणि ते खरंच थोडं कमी निघालं. तिला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून लोहाच्या गोळ्या, खजूर, बीट, आणि रविवारी खास माझ्यासाठी कलेजी. बिटानं जीभ लाल व्हायची, पण शाळेत ती दाखवायला कुणी नव्हतं. पप्पांनी एका शनिवारी, बूट काढता काढता, सगळा विषय ऐकून घेतला आणि म्हणाले, "दुर्लक्ष करायचं." मी म्हणाले, "पप्पा, दुर्लक्ष त्या माझ्याकडं करतायत." ते म्हणाले, "मग तू पण करायचं," आणि झोपले. आत्याची तऱ्हा वेगळी. ती संध्याकाळच्या प्रार्थनेत आपल्याला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणायची, "हे दयाळू पित्या, आमच्या एस्तेरला एक चांगली मैत्रीण दे!" आमच्या खाली घरमालकीणबाई राहायच्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या की त्या अगदी मनापासून विचारायच्या, "मिळाली का गं मैत्रीण?"

आता मी स्वतः शिक्षिका आहे, वडगाव रासाईकडं एका शाळेत. चाळिशी जवळ आली. मागच्या महिन्यात आम्हा शिक्षकांना तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं होतं, किशोरवयीन मुलांची भावनिक कौशल्यं असा विषय. पुण्याहून आलेल्या एका तरुण मॅडमनी रंगीत कार्डं वाटली, त्यांच्यावर हसरे, रडके, रागावलेले चेहरे. "आधी भावना ओळखा, तिला नाव द्या, मग तिचा स्वीकार करा," असं त्या गोड आवाजात सांगत होत्या. माझ्या शेजारचे गुरुजी हळूच म्हणाले, "स्वीकार केल्यावर सही कुठं करायची?" मी हसले, पण कार्डं उलटसुलट करून बघितली. मला जे हवं होतं ते त्यात नव्हतं. घरच्या माणसांच्या काळजीनं जीव नकोसा झालेला चेहरा त्यात नव्हता. एकटेपणा मी सोसला असता. एकटी आहेस का, एकटी आहेस का, असं सारखं विचारणारं घर मला सोसवत नव्हतं.

तर त्या वैतागातून स्मिता जन्माला आली. एका संध्याकाळी आई चहाचं आधण ठेवून म्हणाली, "आज कोण बोललं?" आणि मी म्हणाले, "स्मिता." आईच्या हातातली साखरेची बरणी तशीच राहिली. "कोण स्मिता?" "आहे एक." "कुठं राहती?" "रेल्वे क्वार्टरला." "वडील काय करतात?" "रेल्वेत." दौंडमध्ये हे उत्तर द्यायला अक्कल लागत नाही. आईनं त्या दिवशी शिरा केला. आत्यानं प्रभूचे आभार मानले, तेही मोठ्यानं, आणि सकाळी जिन्यात घरमालकीणबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई."

मला वाटलं, सुटले. पण आईचं समाधान दोन आठवडेही टिकलं नाही. तेव्हा घराघरात नवीन नवीन मोबाइल आले होते. पोरींना स्वतःचे मिळायचे नाहीत, पण आईबापाच्या मोबाइलवर मैत्रिणीला मिस्ड कॉल द्यायचा, हे फार मोठं चाललं होतं. अभ्यास झाला, मिस्ड कॉल. जेवण झालं, मिस्ड कॉल. काही सांगायचं नसायचं. आठवण काढली एवढंच. दवाखान्यातल्या सगळ्या बायकांच्या मोबाइलवर म्हणे त्यांच्या पोरींच्या मैत्रिणींचे मिस्ड कॉल यायचे आणि त्या वैतागायच्या. माझ्या आईलाही तसं वैतागायचं होतं. "तुझी स्मिता कशी गं कधी मिस्ड कॉल देत न्हाई?" ती म्हणायला लागली. मी म्हणाले, त्यांच्याकडं फोन नाही. "मग कॉइन बॉक्सवरनं द्यायचा. लागत न्हाई काय पैसे, उचलला न्हाई तर नाणं परत येतंय." म्हणजे युक्तीसुद्धा तिनंच शिकवली.

सायन्सच्या क्लासवरून घरी येताना कोपऱ्यावर एक बेकरी होती. भट्टीचा आणि खारीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा, आणि दाराशेजारी भिंतीला लाल कॉइन बॉक्स लावलेला होता. मी रुपया टाकायची, आईचा नंबर फिरवायची, दोन रिंगा ऐकायची, ठेवायची, नाणं खणकन खाली यायचं, ते घेऊन घरी जायची. दारात पाऊल टाकते न टाकते तोच आई म्हणायची, "अगं, तुझ्या स्मितानं आत्ताच मिस्ड कॉल दिला! काय बाई पोरी, सारखं आपलं..." आणि वैतागल्याचं इतकं सुंदर सोंग करायची की मला रडू यायचं. बेकरीच्या गल्ल्यावर माझ्याच वयाची एक मुलगी खारी तोलत बसलेली असायची. मी तिच्याकडं कधी नीट बघितलं नाही. इतके दिवस मला कुणी बघत नव्हतं, त्यामुळं मीही बघायचं विसरले होते.

मग तो शुक्रवार आला. मी नेहमीसारखा मिस्ड कॉल दिला, नाणं उचललं, वाटेत रेल्वे फाटकापाशी उगाच थोडी रेंगाळले आणि घरी गेले. आई दारातच उभी होती. चेहरा फुललेला, मोबाइल हातात. "बोलले मी स्मिताशी!" ती म्हणाली.

"कुणाशी?"

"स्मिताशी! मी म्हणलं, रोज बिचारी रिंग देती, आज आपणच उलटा फोन करावा. केला तर तिनंच उचलला. किती गुणाची पोर हाय गं! नुसतं व्हय काकू, व्हय काकू. लई बोललो आम्ही. रविवारी जेवायला बोलावलंय. येते म्हणाली."

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. माझ्या डोक्यातली मुलगी फोनवर बोलली होती, आणि रविवारी मटण खायला येणार होती.

दुसऱ्या दिवशी शनिवारची अर्धी शाळा. मी सायकल स्टँडच्या मागं डबा उघडून बसले होते, तोवर समोर दोन पाय येऊन उभे राहिले. वर बघितलं तर बेकरीतली मुलगी, आमच्याच शाळेच्या गणवेशात. 'ड' तुकडीत होती. मला हेही माहीत नव्हतं.

"तूच ना गं ती?" ती म्हणाली. "रोज रुपया टाकती आन् काढून घेती?"

मी पोळीचा तुकडा मोडला.

"तुझी आई मला स्मिता म्हणत हुती. अगं, फोन ठेवतच न्हाई ती! गिऱ्हाईक उभं राहिलं, अब्बा आतनं ओरडाय लागले, तरी तिचं चालूच. मी सांगणार हुते राँग नंबर म्हणून. पण ती म्हणली, तुझ्यामुळं माझी पोरगी हसाय लागली. मग कसं सांगायचं? मी नुसतं व्हय व्हय केलं." ती माझ्यासमोर फतकल मारून बसली. "मी रेहाना. उद्या मटण हाय म्हणली. कुठनं आणता तुम्ही?"

"मंडईच्या कोपऱ्यावरून," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. शाळेत तो वापरायची सवय गेली होती.

"मग ते आमच्या मामूचंच दुकान. येते मी."

"येऊ नको."

"का?"

"आलीस तर स्मिता म्हणून ये. एक दिवस. जेव आणि जा. मी पाया पडते."

"न्हाई बाबा," ती माझ्या डब्यातली गवार बघून तोंड वाकडं करत म्हणाली. "फोनवर तोंड दिसत न्हाई. समोर बसून खोटं बोलाय मला जमत न्हाई. मी रेहाना म्हणूनच येणार. तुला सांगायचं असंल तर आधीच घरी सांगून टाक."

मी तिच्यावर इतकी चिडले की घंटा झाल्यावर डबा तिथंच विसरले. घरी जाऊन मी आईला सांगितलं, स्मिताला ताप आलाय, ती येणार नाही. आईनं लगेच पर्समध्ये थर्मामीटर टाकला आणि चप्पल घालायला लागली. "क्वार्टर नंबर सांग, बघून येते." मग मला सांगावं लागलं की इतका काही नाही, उतरलाय.

रविवारी उपासनेहून आल्यावर आई मटणाला लागली. आमच्या घरी रविवारचं मटण म्हणजे सोहळाच. सुकं खोबरं आणि कांदा थेट जाळावर भाजायचा, त्याचा काळा धूर दोन्ही खोल्यांत कोंडायचा, आत्या खोकत खोकत शेवयांची खीर ढवळायची, आणि पप्पा बनियनवर बसून लसूण सोलायचे. सगळ्यांना इतका उत्साह आला होता की मला प्रत्येकाचा वेगवेगळा राग येत होता. बाराच्या सुमाराला दार वाजलं. रेहाना. हिरवा पंजाबी ड्रेस, केसाला तेल, हातात नानकटाईचा पुडा.

"ये गं स्मिता, ये ये!" आई ओला हात पुसत धावली.

"सलाम, काकू," रेहाना म्हणाली.

आमच्यातही एकमेकांना सलामच म्हणतात. आत्याला हे बरोबर ऐकू आलं आणि ती खुर्चीतून उठलीच. "सलाम, सलाम! म्हणजे आपल्यातलीच का? कुठल्या चर्चचे गं तुम्ही?"

"आम्ही चर्चचे न्हाई, आत्या. मी रेहाना. बेकरीवाल्यांची."

"रेबेका!" आत्या आनंदानं म्हणाली. "किती छान नाव."

आई हसत होती, पण हसू चेहऱ्यावर तसंच थांबून राहिलं. "म्हणजे... स्मिता कुठाय?"

"ती न्हाई आली," रेहाना म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. तिनं ते वाक्य मोठ्या युक्तीनं माझ्या पुढ्यात ठेवलं होतं. खोटं नव्हतं, पण पुढचं मलाच बोलायला लागणार होतं.

"गावाला गेली का? का परत ताप आला?" आईनं मला विचारलं.

"आई, ती नाहीच आहे. कधी नव्हतीच. मिस्ड कॉल मीच देत होते."

यार्डातून त्या वेळी एखादा दणका आला असता तर बरं झालं असतं. नेमकी शांतता होती. मग सगळे एकदम सुरू झाले. आई म्हणाली, "अगं पण का? मला सांगायचं न्हाई? मी उद्याच्या उद्या शाळेत येते, हेडमास्तरांना भेटते." पप्पा म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, दुर्लक्ष..." आत्याला काही कळलं नव्हतं, पण घरात काहीतरी गंभीर आहे हे बघून तिनं डोळे मिटून हात जोडले. आई परत म्हणाली, "आणि गोळ्या खातेस का रोज?" मी ओरडले. काय ओरडले ते शब्द आठवत नाहीत. शाळेत माझ्याशी कुणी बोलत नाही, असं काहीतरी. आई लगेच म्हणाली, "कोण बोलत न्हाई? नावं सांग मला, मी बघते एकेकीला."

"काकू," रेहाना म्हणाली. ती चटईवर बसून ताटाची वाट बघत होती आणि तिला भूक लागली होती. "तिचं व्हऊ द्या की आधी. मधीच काय बोलताय?"

माझ्या आईला कुणी गप्प बस म्हटल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. पप्पांनी लसणाची साल उगाच गोळा केली. मग मी सांगितलं, सगळं. खिडकीकडंची जागा, पेन झटकणं, दोरीउड्या, कुत्री. सांगून झाल्यावर ते इतकं छोटं वाटलं की मला लाज वाटली. एवढ्याशा गोष्टीसाठी मी इतके महिने सुकत होते? पण कुणी हसलं नाही, आणि कुणी सल्ला दिला नाही. 

मग रेहाना म्हणाली, "काकू, तुम्ही फोनवर मला जे सांगितलं, ते सांगा की हिला."

"काय सांगितलं मी?"

"ते चहाचं."

आईचा चेहरा एकदम उतरला. "ते काही न्हाई गं," ती म्हणाली. "असंच आपलं."

"काय चहाचं?" मी विचारलं. पप्पांनीही मान वर केली.

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "दुपारी चारला सगळ्या सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत चहाला बसतात," ती म्हणाली. "मला कुणी हाक मारत न्हाई. पहिल्या दिवसापासनं न्हाई. मग मी वॉर्डातच थांबते. धुऊन आलेल्या चादरी असतात, त्यांच्या घड्या मोडते आन् परत घालते. कुणी बघितलं तर काम चाललंय असं दिसावं."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. मी इतके महिने या बाईच्या प्रश्नांनी वैतागले होते, आणि आता नेमकं माझं दुःख पहिल्यांदा चटईवर मांडलं तर त्यातही तिनं वाटा घेतला, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. आज लिहितानाही ते आठवून मला थोडा रागच येतो. "मग रोज मला काय विचारायचीस," मी म्हणाले, "कोण बोललं, कोण बोललं म्हणून? तुझ्याशीच कुणी बोलत नाही."

"म्हणून तर विचारत हुते," आई म्हणाली. "तुझ्याशी तरी बोलावं कुणी."

पप्पा काहीतरी बोलायला गेले, पण त्यांच्याकडं एकच सल्ला होता आणि तो त्यांनाही आता पुरेना. "मला सांगितलं नाहीस," एवढंच ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "तुम्ही झोपलेले असता." तेवढ्यात आत्यानं डोळे उघडले, सगळ्यांकडं बघितलं, आणि म्हणाली, "रेबेकाला रस्सा वाढा ना. पोर केव्हाची बसलीय."

आम्ही जेवलो. रेहानानं तीन भाकरी खाल्ल्या, खीर दोनदा घेतली आणि मटणात खोबरं जास्त पडलंय हे आईला तोंडावर सांगितलं. जाताना आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. रेहानानं तो डोकं खाली करून घेतला.

मला वाटलं, विषय संपला. रेहानाच्या बाबतीत विषय कधी संपत नाही, हे मला अजून समजायचं होतं. सोमवारी शाळा सुटल्यावर ती मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. चार वाजले होते. आई वॉर्डाच्या टोकाला चादरींच्या ढिगापाशी उभी होती. आम्हाला बघून दचकली. "इथं कशाला आलात गं?" रेहाना तिच्याकडं गेलीच नाही. ती सरळ ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात गेली. आत चार सिस्टर कपबश्या घेऊन बसल्या होत्या. "ओ सिस्टर," ती म्हणाली, "आमच्या काकूंना चहाला का बोलवत न्हाई तुम्ही?"

मी भिंतीत जिरायला जागा शोधत होते. आईनं कपाळाला हात लावला. आतल्या सगळ्यांचे कप तोंडापाशीच थांबले. मग एक जाडशा, वयस्कर सिस्टर म्हणाल्या, "अगं बाई! आम्ही न्हाई बोलवत? त्याच येत न्हाईत. चार वाजले की चादरी घेऊन बसतात. आम्हाला वाटलं, शिरूरच्या बाई, शिस्तीच्या, त्यांना आमच्यात बसायचं नसंल."

"मला कुणी बोलावलंच न्हाई," आई दारातून म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"आता काय पत्रिका छापायची का?" त्या सिस्टर चिडून म्हणाल्या आणि सरकून बाकावर जागा केली. आई आत गेली. तिनं बसताना एकदा मागं वळून आमच्याकडं असं बघितलं की घरी गेल्यावर दोघींना बडवणार हे नक्की. पण बसली.

बाहेर आल्यावर रेहाना हात झटकत म्हणाली, "झालं. उद्या मधल्या सुट्टीत तुझ्या वर्गात येते."

"खबरदार!"

"का? एका मिनटाचं काम हाय."

"रेहाना, तू आलीस तर मी शाळा सोडीन."

"सोड. मी येते."

ती येणार होती. तिला थांबवायची काही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताचा तास चालू असताना मला कळलं की आता एकच उपाय उरलाय. ती येऊन काही बोलायच्या आत मीच बोललेलं बरं. यात धैर्य वगैरे काही नव्हतं. त्या प्रशिक्षणातल्या मॅडमना हे सांगितलं तर त्या कुठलं कार्ड काढतील कुणास ठाऊक. वैतागाचं असेल तर ते.

मधली सुट्टी झाली. थंडीचे दिवस होते, मुली मैदानाच्या कडेला उन्हात गोल करून डबे उघडत होत्या. मी माझा डबा घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि उभी राहिले. वैशाली डब्याच्या झाकणाशी झटत होती. तिनं वर बघितलं नाही. "मी इथं बसू का?" मी म्हणाले.

मग जाड भिंगाचा चष्मा लावणारी शोभा, जिचा आवाजही मी कधी ऐकला नव्हता, डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "बस ना बाई. उभी काय राहतीस ऊन अडवून!"

मी बसले. शोभानं न विचारताच तिच्या डब्यातलं मेथीचं धपाटं तोडून माझ्या झाकणात टाकलं. मी त्याचा घास घेतला, तोच मैदान ओलांडून रेहाना तरातरा आली. मला बसलेलं बघून तिचा चेहरा पडला. सगळी तयारी वाया गेली होती. "हे काय? बसलीस बी?" ती रागानं म्हणाली, आणि आता आलोच आहोत म्हणून शोभाच्या आणि माझ्या मधल्या जागेत घुसली. कुणाला न विचारता तिनं वैशालीच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटानं चाखली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

वैशालीनं डबा झटकन मागं ओढला. मग जूनपासून पहिल्यांदाच, सरळ माझ्या डोळ्यांत बघून, अगदी वैतागून तिनं विचारलं, "ही कोण गं तुझी?"

मी हातानंच 'थांब' अशी खूण केली. माझ्या तोंडात घास होता.